कॅन्सर सर्जरीआधीचं प्रीहॅब पॅकेज: पैसे वसूल झाले, पण कशात ते वाचा

प्रीहॅब म्हणजे ऑपरेशनच्या आधीच व्यायाम, आहार आणि मनाची तयारी करून घेणं. रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी साडेतीन. फिजिओ मॅडमना एकट्यांना पाचपैकी पाच, ॲपला शून्य, पहिल्या डाएट चार्टला शून्यापेक्षा कमी देता येत असेल तर ते. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाहीये, पुण्यातलं मोठं प्रायव्हेट आहे एवढं पुरे, अण्णांची ट्रीटमेंट अजून तिथेच चालू आहे आणि मला उगाच कुणाशी वाकड्यात शिरायचं नाहीये. आणि तसंही असली पॅकेजेस आता बऱ्याच ठिकाणी निघालीत, त्यामुळे नावापेक्षा आत काय काय असतं, त्यातलं कशाला पैसे द्यावेत आणि कशाला देऊ नयेत, हे लिहिलेलं जास्त कामाला येईल.

तर आमची केस अशी. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ६८, एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन गावाकडेच असतात. वर्षभर थकवा थकवा म्हणत होते, जिना चढला की धाप, आणि सगळे म्हणायचे वय झालं आता. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. पुरुषमाणसाचं या वयात हिमोग्लोबिन एवढं खाली आलं तर डॉक्टर आधी पोटाकडे बघतात, तसं बघितलं, कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. उजव्या बाजूच्या गाठीचं हेच असतं म्हणे, थोडं थोडं रक्त आतल्या आत जात राहतं, डोळ्याला काही दिसत नाही, अडकत पण नाही लवकर, माणूस नुसता पांढरा पडत जातो. सीटी झाला, लिव्हर वगैरे क्लीन, सर्जरी ठरली दुर्बिणीतून, आणि तारीख मिळाली साधारण महिनाभरानंतरची. सर्जन म्हणाले हा महिना नुसता घरात बसून काळजी करण्यात घालवू नका, आमच्याकडे प्रीहॅबिलिटेशन चालू केलंय, तिकडे जाऊन या.

मी पहिला प्रश्न हाच विचारला की यांच्या व्यायामासाठी तुम्ही सर्जरी पुढे ढकलताय का. तुम्हीही विचारा, लाजू नका. ते स्पष्ट म्हणाले की व्यायामासाठी एक दिवसही पुढे ढकलत नाही, रक्त वाढवायला आणि ओटीच्या नंबरला जो वेळ जाणारच आहे तो वापरायचा. हे उत्तर मला पटलं. कुणी तुम्हाला आधी दोन महिने फिट व्हा मग बघू असं म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पॅकेज साडेबारा हजारांच्या आसपास. त्यात सुरुवातीची आणि शेवटची तपासणी, आठवड्यातून दोनदा फिजिओ, डाएटिशियन, कौन्सेलर, आणि एक ॲप. काउंटरवरच्या मुलीने गुळगुळीत कागदाचं ब्रोशर दिलं ज्यावर एक गोरे आजोबा समुद्रकिनाऱ्यावर पळतायत. अण्णांनी ते बघून विचारलं, यांचं ऑपरेशन झालंय का व्हायचंय.

पहिल्या दिवसाची तपासणी मात्र खरंच बघण्यासारखी होती. तळमजल्याच्या एका कॉरिडॉरमध्ये ३० मीटरवर दोन नारंगी शंकू ठेवलेले, त्याच्यामध्ये सहा मिनिटं जेवढं होईल तेवढं चालायचं, पळायचं नाही, दम लागला तर थांबायचं पण घड्याळ थांबत नाही. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. अण्णा पहिल्या फेरीत असे सुटले जसं काही स्टँडवरून गाडी लेट सुटली आहे आणि पुढच्या थांब्यावर भरून काढायचंय. मॅडम मागून ओरडल्या, काका रेस नाहीये ही! तिसऱ्या मिनिटाला भिंतीला हात लावून उभे राहिले, घाम फुटला, आणि माझ्याकडे बघेनात. मग पुन्हा चालले. ३२० मीटर झाले. मॅडमनी काहीही न बोलता लिहून घेतलं आणि मग खुर्चीवर बसवून हात छातीवर घडी घालून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठबस होते ते मोजलं, नऊ वेळा झाली, मग एक मूठ दाबायचं यंत्र. बास. यात काही महागडं मशीन नाही, पण पंधरा-वीस मिनिटांत त्या माणसाला आणि आम्हाला दोघांना कळलं की आपण नक्की कुठे उभे आहोत. घरी आम्ही रोज काळजी करत होतो ती नुसती गोलगोल, इथे एक आकडा मिळाला.

घरी आल्यावर मी शोधाशोध केली, सवय आहे, कुठलीही वस्तू घेताना मी रिव्ह्यू वाचते तर साडेबारा हजार देताना वाचणारच. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये यावर बरीच वर्षं काम चाललंय. तिथे २०१४ मध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या पेशंटवर एक अभ्यास झाला, ७७ लोक, सगळ्यांना तोच व्यायाम, तोच आहार, तोच मानसिक आधार, फरक एवढाच की निम्म्यांना सर्जरीच्या चार आठवडे आधी चालू केलं आणि निम्म्यांना सर्जरीनंतर. आठ आठवड्यांनी तपासलं तर आधीपासून केलेल्यांपैकी ८४ टक्के लोक सहा मिनिटांच्या चालण्यात आपल्या मूळ पातळीवर परत आले होते, नंतर चालू केलेल्यांत ६२ टक्के. म्हणजे तोच व्यायाम, फक्त वेळ बदलली. मग २०२३ मध्ये जामा सर्जरी नावाच्या मेडिकल जर्नलमध्ये नेदरलँड्सच्या पुढाकाराने काही देशांत मिळून केलेला मोठा अभ्यास आला, २५१ पेशंट, आतड्याचाच कॅन्सर, चार आठवड्यांचा प्रोग्राम, आणि त्यात गंभीर कॉम्प्लिकेशन्स २९.७ टक्क्यांवरून १७.१ टक्क्यांवर आल्या. हे वाचून मी पैसे भरले, खरं सांगते.

पण दुसरी बाजू पण वाचली, ती ब्रोशरमध्ये नसते. त्याच मॉन्ट्रियलच्या लोकांनी २०२० मध्ये वयस्कर आणि आधीच खंगलेल्या पेशंटवर करून बघितलं तर सर्जरीनंतरच्या ३० दिवसांतल्या कॉम्प्लिकेशन्समध्ये काही फरक पडला नाही, आधी करा नाहीतर नंतर करा. त्यामुळे कुणी ऐंशीच्या घरातल्या, हाडं वर आलेल्या आजींच्या मुलांना छातीठोकपणे सांगत असेल की हे पॅकेज घ्या काही होणार नाही, तर ते विकतायत. आमचे अण्णा मधले होते, फार खंगलेले नाहीत पण धट्टेकट्टे पण नाहीत, वजन ६२ किलो, आणि त्यांचं मुख्य दुखणं रक्त कमी हे होतं.

ते रक्ताचं आधी सांगते कारण मला वाटतं यात सगळ्यात भराभर फरक तिथेच पडला, आणि गंमत म्हणजे ते पॅकेजमध्ये नव्हतंच, वेगळं बिल. गोळ्या देऊन बघत बसायला वेळ नव्हता म्हणून आयर्न शिरेतून दिलं, डे-केअरच्या खुर्चीत बसून, तासाभरात मोकळे. दोन-तीन आठवड्यांत हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं. माणसाच्या रक्तातच दम नसेल तर तो चालणार कसा, त्यामुळे ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी पहिल्याच व्हिजिटला आयर्नचं विचारा, आम्हाला ते फिजिओ मॅडमनी आठवण केली तेव्हा नंबर लागला. वास्तविक ते काम त्यांचं नव्हतं.

आता फिजिओ मॅडम. तरुण आहेत, लातूरकडच्या, बोलणं एकदम सरळ. त्यांनी अण्णांना जे दिलं ते ऐकायला काहीच नाही वाटत. रोज अर्धा तास चालणं, पण कसं, तर चालताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे आणि गाणं म्हणता आलं नाही पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर काका तुम्ही टंगळमंगळ करताय, असं. एक लवचिक रबरी पट्टा, तो खिडकीच्या गजाला बांधून ओढायचा. खुर्चीवरून हात न टेकता उठबस. जिन्याची एक पायरी वर-खाली. आणि हे सगळं थोडं थोडं वाढवत न्यायचं, ते कुठल्या दिवशी किती हे एका साध्या वहीत मराठीत लिहून दिलं. प्रत्येक वेळी गेलं की वही तपासायच्या, शाळेसारखी लाल पेनाने खूण करायच्या, आणि अण्णांसारखा माणूस, ज्याने आयुष्यभर लॉगशीट भरली आहे, तो त्या लाल खुणेसाठी पावसात पार्किंगमध्ये फेऱ्या मारत होता. आई म्हणाली माझ्या सांगण्यावरून तर कधी दूध आणायला पण एवढे गेले नाहीत.

घरी स्वतःचं स्वतः नाही का करता येणार? येतं. व्यायाम बघितले तर यूट्यूबवर सगळं आहे. पण कॅन्सर झालेल्या माणसाला घरचे काय म्हणतात माहितीये ना, झोपा, आराम करा, उठू नका, पाणी हातात देतो. आमच्याकडे गावाकडून बघायला येणारा प्रत्येक माणूस हेच म्हणत होता, आणि एक काका तर अण्णा पट्टा ओढताना बघून माझ्यावर चिडले की आजारी माणसाकडून काय करून घेतेस. तिथे हॉस्पिटलच्या कोट घातलेल्या बाईने सांगितलंय म्हणल्यावर सगळे गप्प बसतात. त्याचे पैसे आहेत असं समजा. शिवाय हिमोग्लोबिन कमी असताना किती करायचं आणि कुठे थांबायचं हे आपल्याला कळत नाही, एकदा चालताना ठोके फार वाढले तेव्हा त्यांनी लगेच थांबवून ईसीजी काढून घेतला, नॉर्मल आला, पण घरी असतो तर आम्ही घाबरून सगळंच बंद केलं असतं.

श्वासाचे व्यायाम हा वेगळा विषय आहे आणि यावर जरा थांबते. सर्जरीनंतर, विशेषतः पोटाच्या वरच्या भागाच्या, माणूस टाके दुखतात म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग फुप्फुसाचा खालचा भाग मिटून जातो, कफ साठतो, आणि न्यूमोनिया होतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये यावर एक अभ्यास झालाय, २०१८ मध्ये बीएमजे या मेडिकल जर्नलमध्ये आला, ४४१ पेशंट, पोटाच्या वरच्या भागाची मोठी सर्जरी. त्यांनी काय केलं तर सर्जरीच्या आधी फिजिओने फक्त एकदा, अर्धा तास बसून समजावलं की नंतर छातीला काय होऊ शकतं आणि शुद्धीवर आल्याबरोबर दर तासाला श्वास कसा घ्यायचा, खोकायचं कसं, आणि ते करून घेतलं. दुसऱ्या गटाला नुसती पुस्तिका दिली. पुस्तिकावाल्यांत २७ टक्के लोकांना फुप्फुसाचा त्रास झाला, अर्धा तास वाल्यांत १२ टक्के. अर्धा तास! मशीन नाही, ॲप नाही, चार आठवडे पण नाहीत. या सगळ्या पॅकेजमधला सगळ्यात स्वस्त तुकडा आणि त्याच्यामागे असा आकडा. ज्यांना पूर्ण पॅकेज झेपणार नाही त्यांनी एवढं तरी मागून घ्या, एका फिजिओ कन्सल्टेशनच्या पैशात होतं.

आम्हाला मॅडमनी हे एकदा नाही तर प्रत्येक वेळी करून घेतलं. पोटावर उशी घट्ट दाबायची, दोन्ही हातांनी, मग खोकायचं. नाकातून सावकाश श्वास, वर धरायचा, सोडायचा, असे दहा, थोडं थांबून परत दहा. ते तीन बॉलवालं प्लास्टिकचं स्पायरोमीटर पण दिलं, ज्यात ओढून श्वास घेतला की ६००, ९०० आणि १२०० चे बॉल वर जातात. अण्णांना तिसरा बॉल वर न्यायची एवढी हौस की झटका देऊन ओढायचे, मॅडम म्हणाल्या झटका मारून तिसरा वर गेला त्यापेक्षा सावकाश ओढून दोन वर टिकले तर मला जास्त आवडेल. नातवाने त्यात शर्यत लावली ती वेगळीच. हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये हेच स्पायरोमीटर जवळजवळ दुप्पट भावात आहे, बाहेरून घ्या, कुणी काही म्हणत नाही.

आता डाएट. पहिल्या डाएटिशियनने जो चार्ट दिला तो इंग्लिशमध्ये, छापील, वर पेशंटचं नाव पेनाने. त्यात सकाळी ओट्स विथ बेरीज, दुपारी किन्वा, संध्याकाळी ग्रीक योगर्ट, रात्री ग्रिल्ड फिश विथ ब्रोकोली. अण्णा ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, दूध-भात या लायनीतले. मी तिथेच विचारलं की मॅडम हे नगर जिल्ह्यात कुठे मिळतं, तर म्हणाल्या ऑनलाइन मागवा. आणि खाली एका ठराविक कंपनीच्या प्रोटीन पावडरचं नाव, जी त्यांच्याच काउंटरवर मिळते, डबा बावीसशेला. हे वाचून माझं डोकं फिरलं. तक्रार केली, रीतसर, काउंटरवर वही मागून लिहून. पुढच्या वेळी दुसऱ्या मॅडम दिल्या, ज्युनिअर, आणि त्यांनी सगळं नीट लावून दिलं म्हणून इथे स्टार वाचले.

त्यांचा हिशेब साधा होता. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे अण्णांना ७५ ते ९० च्या मध्ये. त्यांनी आदल्या दिवशी काय काय खाल्लं ते विचारून बेरीज केली तर पन्नासपण भरेना. आपल्याला वाटतं दोन वेळा वरण आहे की ताटात, पण आपलं वरण किती पातळ असतं ते आपल्यालाच माहीत, वाटीभर घट्ट डाळीत सहा-सात ग्रॅम निघतात, पातळ वरणात त्याच्या निम्मे पण नाहीत. एका अंड्यात सहा. मोठा ग्लास दुधात आठ. १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. मूठभर शेंगदाण्यात सात-आठ. मग सकाळी दोन अंडी, दुधात साधी व्हे म्हणजे दुधापासूनच्या प्रोटीनची पावडर (कुठलीही, त्यांनी नाव सांगितलं नाही, मीच स्वस्तातली बघितली), दुपारी घट्ट डाळ आणि दही, संध्याकाळी व्यायाम झाला की लगेच परत दूध, रात्री कधी चिकन कधी पनीर. आता अण्णांचा गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा, त्या दिवशी अंड्याला हात लावत नाहीत, एकादशी वेगळीच. ज्युनिअर मॅडम हसल्या नाहीत की उपदेश केला नाही, त्यांनी त्या दिवसांचा वेगळा कागद केला, त्यात पनीर, दही आणि शेंगदाण्याची आमटी. एकादशीला साबुदाणा भरपूर खाऊन पोट भरतं पण प्रोटीन काही नाही, त्यापेक्षा भगर आणि दाण्याची आमटी घ्या, वर दूध, एवढंच म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मटकीची उसळ, सालीसकट कडधान्य, कच्चं सॅलड हे आम्ही घरी उत्साहाने चालू करणार होतो, ते त्यांनी थांबवलं आणि आधी सर्जनना विचारून घेतलं. आतड्यात गाठीमुळे वाट अरुंद झाली असेल तर असलं चोथ्याचं खाणं अडकू शकतं. इंटरनेटवरचा हेल्दी डाएट म्हणून जे फिरतं ते या पेशंटला उलटं पडू शकतं, त्यामुळे विचारल्याशिवाय नको.

कौन्सेलरचं सेशन काचेच्या केबिनमध्ये, बाहेरून सगळे जाणारे-येणारे दिसतात, अण्णा काय बोलणार तिथे. वर एक प्रश्नावली, हिंदीतून मराठीत केलेली, वाक्यं अशी की मलाच दोनदा वाचावी लागली. मला वाटलं हे पैसे पाण्यात. पण कौन्सेलरने ती प्रश्नावली बाजूला ठेवली आणि सरळ विचारलं, काका कशाची भीती वाटते. अण्णांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, म्हणाले पोटाला पिशवी लावतात ना. आमच्या गावात एकांना आहे, ते कुणाच्या लग्नाला येत नाहीत. हे ते आम्हा कुणाशीच बोलले नव्हते. त्या बाईने स्टोमाच्या, म्हणजे ही पिशवी कशी सांभाळायची ते शिकवणाऱ्या, नर्सला बोलावून घेतलं, नर्सने चित्र काढून समजावलं की उजव्या बाजूचा तुकडा काढला की बहुतेक वेळा दोन्ही टोकं तिथेच जोडता येतात, पिशवीची वेळ क्वचित येते, आणि आलीच तर कशी सांभाळायची तेही दाखवलं. त्या रात्री अण्णा नीट जेवले. तंबाखू पण तिथेच सुटली, म्हणजे सुटली म्हणण्यापेक्षा पुडी माझ्या ताब्यात आली आणि त्यांना निकोटीनचं च्युइंगम मिळालं, जे चावून गालात ठेवायचं असतं, ते त्यांना बरोबर जमलं कारण गालात ठेवायचा सराव चाळीस वर्षांचा.

ॲपबद्दल काय लिहू. पावलं मोजतं म्हणे. अण्णांचा फोन खिशात, ॲप माझ्या फोनमध्ये, म्हणजे ते पावलं माझी मोजत होतं, आणि मी ऑफिसात बसून असते त्यामुळे रोज नोटिफिकेशन की आज तुम्ही कमी चाललात. कॉल सेंटरवरून एक मुलगी इंग्लिशमध्ये फोन करून विचारायची हाऊ इज युवर मूड टुडे. अण्णा म्हणायचे राँग नंबर. दोन वेळा फिजिओची अपॉइंटमेंट कॅन्सल झाली तेव्हा मात्र ॲपने कळवलं नाही, आम्ही रिक्षा करून पोचलो तेव्हा कळलं. शिवाय स्लॉट फक्त सकाळी अकरा ते एक, नोकरी करणाऱ्या पोरांनी आणायचं कसं याचा कुणी विचार केलेला नाही.

शेवटच्या तपासणीत अण्णा ३७० मीटर चालले, उठबस तेरा. मॉन्ट्रियलवाले २० मीटरचा फरक पडला तरी तो महत्त्वाचा धरतात, इथे पन्नास. यात आयर्नचा वाटा किती आणि व्यायामाचा किती हे वेगळं काढता येत नाही, मला काढायचंही नाही.

सर्जरीच्या दिवशी अजून एक चांगलं केलं यांनी. आपल्याकडे अजून रात्री बारापासून पाणी पण नको असं सांगतात बऱ्याच ठिकाणी. इथे जेवण सहा तास आधी बंद, पण साधं पाणी आणि एक गोड पेय दोन तास आधीपर्यंत चालू. अण्णांनी विचारलं चहा? तर दुधाचा चहा नाही, दूध पाण्यासारख्या साध्या पेयांत धरत नाहीत. ऑपरेशन झाल्यावर त्याच संध्याकाळी खुर्चीत बसवलं, दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चालवलं. हे प्रीहॅबमुळे नाही, ती वेगळी पद्धत आहे, ईरास म्हणतात, डेन्मार्कच्या डॉक्टर केहलेट यांनी १९९० च्या दशकात चालू केलेली. पण फरक कुठे दिसला सांगते. शेजारच्या बेडवर अण्णांच्याच वयाचे एक गृहस्थ होते, त्यांना फिजिओ पहिल्यांदा ऑपरेशननंतर भेटला, वेदनेत, अर्धवट गुंगीत, त्यांना ती उशी कशाला दिली हेच कळेना. अण्णांनी डोळे उघडल्यावर माझ्याकडे पहिली मागणी केली ती उशीची. दर तासाला दहा-दहा श्वास स्वतः मोजून घेत होते, रात्री सिस्टर म्हणाल्या आजोबा झोपा आता. छातीचा काही त्रास झाला नाही, आठवड्याच्या आत घरी आलो.

रिपोर्टमध्ये काही गाठींमध्ये, म्हणजे लिम्फ नोड्समध्ये, आजार निघाला, तिसरी स्टेज. मग केमो. आणि तिथे मला या सगळ्याचा खरा उपयोग कळला. सर्जरीनंतरची केमो साधारण सहा ते आठ आठवड्यांत चालू व्हायला लागते, आणि माणूस सर्जरीतूनच उठला नसेल, जेवत नसेल, जखम भरली नसेल तर ती लांबत जाते. अण्णा वेळेत चालू करू शकले. ऑन्कॉलॉजिस्टने, म्हणजे केमो देणाऱ्या कॅन्सरच्या डॉक्टरने, पहिल्या व्हिजिटला उठून चालायला लावलं, बघितलं, आणि तारीख दिली.

मेडिक्लेमचं ऐका. पॉलिसीत ॲडमिशनच्या आधीच्या ३० दिवसांचा खर्च कव्हर असं लिहिलेलं असतं बहुतेकदा, आमच्या पॉलिसीत होतं. आयर्न आणि रक्ततपासण्या पास झाल्या, प्रीहॅब पॅकेज वेलनेस म्हणून उडवलं. तुम्ही बिल करतानाच फिजिओथेरपी, डाएट कन्सल्टेशन असं सुटं करून मागा आणि सर्जनच्या लेटरहेडवर सल्ला लिहून घ्या. पॅकेजच्या एका रकमेची पावती अजिबात घेऊ नका.

कुणी घ्यावं? सर्जरीला तीन-चार आठवडे मिळतायत, माणूस हिंडता-फिरता आहे पण कमजोर झालाय, आणि घरात एक जण तरी मागे लागणारा आहे, तर घ्या. ज्यांची सर्जरीआधी केमो चालू आहे, अन्ननलिका, जठर वगैरे, त्यांच्या हातात तर अजून जास्त वेळ असतो, आणि त्यांचंच वजन आणि ताकद केमोत उतरते. तोंडाच्या कॅन्सरवाल्यांचा व्यायाम वेगळाच, वेटिंगमध्ये एक तरुण मुलगा आइस्क्रीमच्या काड्यांचा गठ्ठा दातांमध्ये धरून बसायचा, दर थोड्या दिवसांनी एक काडी वाढवायची, तोंड उघडं राहावं म्हणून. गुटखा खाऊन तोंड आखडलेलं, बोलताना लाजायचा, पण काड्या मात्र मोजून दाखवायचा. त्यांना मानेच्या सर्जरीनंतर खांदा उचलेना होतो म्हणून खांद्याचे व्यायाम आणि गिळण्याचे पण आधीच शिकवतात. या लोकांनी डाएटिशियनपेक्षा स्पीच थेरपिस्ट आहे का ते आधी विचारा.

पैसे नसतील तर हे सगळं सरकारी किंवा ट्रस्टच्या हॉस्पिटलात नावाने मिळणार नाही कदाचित, पण मोठ्या हॉस्पिटलात फिजिओथेरपी डिपार्टमेंट असतं, सर्जनकडून केसपेपरवर रेफरन्स लिहून घ्या, श्वासाचं शिकवा म्हणा, नाहीतर ते ऑपरेशननंतरच बोलावतात.

एक मोठी खोट राहिली सांगायची. पॅकेज ऑपरेशनच्या दिवशी संपतं. घरी सोडल्यावर एक फोन नाही, वही तपासायला कुणी नाही, पट्टा कधीपासून परत ओढायचा, वजन किती उचलायचं, सगळं डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत, अव्हॉइड हेवी वर्क. मी शेवटी फिजिओ मॅडमना थेट फोन केला, त्यांनी सांगितलं, पैसे घेतले नाहीत, पण तो त्यांचा चांगुलपणा झाला, सर्व्हिस नाही. काउंटरवर चौकशी केली तर म्हणाले सर्जरीनंतरचं वेगळं पॅकेज येतंय, दिवाळीनंतर. अण्णा आत्ताच विचारतायत लाल पेनवाल्या मॅडमच असतील का. असतील तर बघू, पण ॲप वगळून रेट द्या म्हणणार आहे.